मार्क मार्केझची वादळी कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींचा सर्वात वरचा गट, नव्याने बघायला लागलेल्यांचे मार्केझबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. जुन्या चाहत्यांची भांडणंही त्याच चार-पाच घटनांवरून होतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. मधूनमधून माझं मत डोकावेल, ते मत म्हणूनच वाचा.

हा मार्केझ नेमका कोण? थोडक्यात सांगा.

स्पेनमधल्या कातालोनियातल्या सर्वेरा या छोट्या गावचा रायडर. जन्म 17 फेब्रुवारी 1993. पंधराव्या वर्षी, 2008 मध्ये, 125 सीसी गटातून जागतिक स्पर्धेत उतरला आणि त्याच मोसमात इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला पोडियमवर (पहिल्या तिघांत) उभा राहिला. 2010 मध्ये 125 चा विजेता, 2012 मध्ये मोटो2 चा (मोटोजीपीच्या लगेच खालचा गट). 2013 मध्ये मोटोजीपीत आला आणि पहिल्याच वर्षी, विसाव्या वर्षी, जगज्जेता झाला. त्या गटात इतक्या लहान वयात हे कुणालाच जमलं नव्हतं.

त्याची विजेतेपदं सात की नऊ? दोन्ही आकडे वाचायला मिळतात.

दोन्ही बरोबर आहेत. मोटोजीपीत सात: 2013, 2014, 2016, 2017, 2018, 2019 आणि 2025. त्यात खालच्या गटांतली दोन मिळवली की नऊ. इटलीचा दिग्गज रायडर व्हॅलेंटिनो रॉसी याचा हिशेबही हुबेहूब असाच आहे, वरच्या गटात सात आणि एकूण नऊ. चाहत्यांच्या भांडणाला यामुळे आणखीच तेल मिळालं. 2019 आणि 2025 यांच्यामध्ये जी सहा वर्षं दिसतात, या पानावरचे निम्मे प्रश्न त्यांच्याबद्दलच आहेत.

बाइकवर 93 का?

जन्मवर्ष. यात दुसरं काही गुपित नाही. विजेत्याला 1 नंबर लावायचा हक्क असतो, पण त्याने मोटोजीपीत 93 च ठेवला.

जिंकणारे बरेच झाले. याच्या चालवण्यात असं काय वेगळं आहे?

बाकीचे रायडर पुढच्या चाकाची पकड कुठे सुटेल याचा अंदाज बांधतात आणि त्याच्या अलीकडे थांबतात. मार्केझ सरावात ती रेषा ओलांडूनच बघतो. ब्रेक इतक्या उशिरा धरतो की पुढचं चाक आतल्या आत दुमडायला लागतं. इतर कुणी असता तर त्या क्षणी जमिनीवर. हा गुडघा आणि कोपर डांबरावर टेकवतो, त्या दोन आधारांवर बाइक उचलून धरतो आणि चाकाला पुन्हा पकड मिळेपर्यंत तसाच घसरत राहतो. टीव्हीवर संथ गतीत बघितलं तर कोपराखाली सूटचा प्लॅस्टिकचा तुकडा घासला जाताना दिसतो. हे नशिबाने एकदा घडलं असतं तर सोडून दिलं असतं, पण तो वर्षानुवर्षं हे करत आलाय.

मातीच्या ट्रॅकवर लहानपणापासून केलेला सराव यामागे आहे. मागचं चाक घसरत असताना न घाबरता बसून राहायचं, ही सवय तिथली. डाव्या वळणांचे ट्रॅक त्याला विशेष मानवतात, तेही त्यामुळेच असावं. जर्मनीतल्या झाक्सनरिंगला डावी वळणं जास्त आहेत आणि तिथला त्याचा हिशेब तुम्हाला पुढे दिसेलच.

तो पडतो फार, हे खरं का?

खरं. 2017 च्या मोसमात सगळी सत्रं धरून 27 वेळा पडला, आणि तरी विजेता झाला. 2023 मध्ये 29 वेळा पडला आणि रविवारची एकही शर्यत जिंकली नाही. या दोन आकड्यांमध्ये सगळी गोष्ट आहे. 2017 मधलं पडणं बहुतेक सरावातलं होतं, मर्यादा शोधतानाचं, कमी इजेचं. 2023 मधलं पडणं होतं बाइक साथ देत नसताना ती देतेय असं समजून चालवण्याचं.

सगळं पडणं सारखंच नसतं का?

मुळीच नाही. पुढचं चाक सुटलं की बाइक आडवी होते आणि रायडर मागे मागे घसरत खडीत जातो. याला लो-साइड म्हणतात. बहुतेक वेळा माणूस उठून कपडे झटकतो. मागचं चाक घसरून अचानक पुन्हा पकडतं तेव्हा बाइक उसळते आणि रायडरला हवेत फेकते. ही हाय-साइड. हाडं मोडतात ती बहुधा यात. सूटमधली एअरबॅग 2018 पासून मोटोजीपीत सक्तीची आहे आणि ती खांदे, बरगड्या बऱ्याच वाचवते. दंड मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतो.

डोळ्याची भानगड काय होती?

2011, मोटो2 चं पहिलं वर्ष. मलेशियातल्या सेपांगला सरावाच्या सुरुवातीलाच एका वळणावर पाणी साचलं होतं आणि तिथे तो जोरात आपटला. डोक्याला मार बसला आणि एकाच्या जागी दोन दिसायला लागलं. उजवा डोळा वळवणाऱ्या स्नायूच्या मज्जातंतूला धक्का बसला होता. मोसमाच्या शेवटच्या दोन शर्यती हुकल्या आणि विजेतेपद स्टेफान ब्राडलकडे गेलं. काही महिने सुधारणाच नव्हती. शेवटी जानेवारी 2012 मध्ये शस्त्रक्रिया झाली. अठराव्या वर्षी कारकीर्द संपते की काय अशी अवस्था होती. त्याच वर्षाच्या शेवटी तो मोटो2 चा विजेता होता.

हेच दुखणं पुढे दोनदा उलटलं: 2021 च्या शरदात सरावात पडल्यावर, आणि मार्च 2022 मध्ये इंडोनेशियातल्या मंडालिकाला रविवारी सकाळच्या वॉर्म-अपमध्ये झालेल्या भयंकर हाय-साइडनंतर. लोक हाताबद्दल बोलतात, पण त्याच्या जवळच्यांना जास्त धास्ती डोळ्याची असणार. हाताला प्लेट बसवता येते.

2015 ला रॉसीने त्याला लाथ मारली का?

या प्रश्नावर मैत्र्या तुटल्या आहेत, म्हणून आधी घटना.

रॉसी आणि होर्हे लोरेन्झो, दोघेही यामाहाचे, विजेतेपदासाठी झुंजत होते. मार्केझ विजेतेपदाच्या शर्यतीतून केव्हाच बाहेर होता. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला मार्केझ, लोरेन्झो, रॉसी आणि आंद्रेया यान्नोने यांच्यात जबरदस्त झुंज झाली, मार्केझ जिंकला. पुढच्या आठवड्यात सेपांगच्या पत्रकार परिषदेत रॉसीने सरळ आरोप केला की मार्केझ लोरेन्झोला मदत करतोय. रविवारी, 25 ऑक्टोबरला, दोघे काही लॅप एकमेकांना ओलांडत राहिले. शेवटी एका वळणावर रॉसीने त्याला बाहेर बाहेर दाबत नेलं, वेग कमी केला, वळून बघितलं, दोघे चिकटले आणि मार्केझ पडला. रॉसी तिसरा आला. त्याला 3 दंडगुण मिळाले. आधीचा 1 होताच. चार झाले की शेवटच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून सुरुवात, असा तेव्हा नियम होता. वालेन्सियाला रॉसी तिथून चौथा आला, लोरेन्झो जिंकला, मार्केझ लोरेन्झोच्या मागे दुसरा राहिला. विजेतेपद 5 गुणांनी लोरेन्झोचं.

आता माझं मत. पाय हलला हे दिसतं, पण मुद्दाम लाथ मारली हे चित्रफितीवरून सिद्ध होत नाही. शर्यत सोडून प्रतिस्पर्ध्याला बाहेर ढकलणं मात्र स्पष्ट दिसतं आणि त्याची शिक्षा योग्यच होती. दुसरीकडे, सेपांगला मार्केझ रॉसीशी ज्या त्वेषाने भिडला तो वालेन्सियाला लोरेन्झोच्या मागे शोधूनही सापडत नाही. त्यानंतर कित्येक वर्षं इटलीतल्या ट्रॅकवर त्याला शिट्ट्या आणि हुर्यो ऐकावी लागली. पुढे इटलीच्याच डुकाटी संघाचा लाल सूट अंगावर चढल्यावरही ती पुरती थांबली नाही.

म्हणजे चूक रॉसीचीच, मार्केझ बिचारा?

बिचारा कसला! 2018 चं अर्जेंटिना बघा. ग्रिडवर (शर्यत सुरू होण्याआधी रायडर रांगेत उभे राहतात तिथे) त्याची बाइक बंद पडली, त्याने ती सुरू केली आणि ट्रॅकवर उलट दिशेने चालवत आपल्या जागी आणली. त्याचा दंड भोगून परतला तो पिसाटल्यासारखा. आलेइक्स एस्पार्गारोला धडकला. मग रॉसीला धडकून गवतात पाडलं. पाचवा आलेला माणूस 30 सेकंदांच्या दंडाने अठरावा झाला. शर्यतीनंतर माफी मागायला यामाहाच्या गॅरेजपर्यंत गेला तर दारातूनच परत पाठवला. ती शर्यत त्याच्या कट्टर चाहत्यांनाही समर्थन करता येत नाही.

19 जुलै 2020 ला हेरेझला काय झालं?

स्पेनमधल्या हेरेझला कोविडमुळे लांबलेल्या मोसमाची पहिली शर्यत होती. आधीचं वर्ष, 2019, मोटरसायकल शर्यतींच्या इतिहासातल्या सर्वोत्तम मोसमांपैकी एक होतं: 12 विजय, 420 गुण, आणि ऑस्टिनला पडला ती शर्यत सोडली तर प्रत्येक वेळी पहिला किंवा दुसरा. 2020 च्या फेब्रुवारीत होंडाने, म्हणजे ज्यांच्या बाइकवर तो मोटोजीपीत चालवत होता त्यांनी, त्याच्याशी 2024 अखेरपर्यंत करार केला होता.

हेरेझला तो पुढे असताना पाचव्या लॅपला घसरला, अशक्य वाटेल असा सावरला, पण खडीत गेला आणि सोळावा होऊन परतला. तिथून एकेकाला ओलांडत तिसरा आला. चार लॅप उरले असताना, दुसऱ्या जागेच्या मागे लागला असताना, हाय-साइड. खडीतून लोळत जाताना बाइकचं चाक उजव्या दंडावर बसलं आणि दंडाचं हाड मोडलं.

तिसरी जागा हातात होती. 16 गुण मिळाले असते. पण ज्या स्वभावाने सोळाव्यावरून तिसरा आणला तो तिथे थांबणार नव्हता.

मोडलेल्या हाताने तो सहा दिवसांत परत बाइकवर कसा बसला? डॉक्टरांनी परवानगी कशी दिली?

मंगळवारी, 21 तारखेला, बार्सिलोनात शस्त्रक्रिया झाली. टायटॅनियमची प्लेट आणि स्क्रू बसले. गुरुवारी तो हेरेझला हजर. वैद्यकीय तपासणीत त्याने जोर काढून दाखवले आणि पास झाला. शनिवारी, 25 ला, सराव केला. हात सुजला, बळ गेलं, पात्रता फेरीत बाहेर पडून लगेच आत आला आणि माघार घेतली. काही दिवसांनी घरी मोठा सरकता दरवाजा उघडताना प्लेटच तुटली.

प्लेटचं काम हाड जुळेपर्यंत ते जागेवर धरणं हे असतं. ताशी 300 किलोमीटरवरून ब्रेक मारताना शरीराचा भार झेलणं हे तिचं काम नाही. शनिवारच्या त्या फेऱ्यांनी प्लेट आतून थकवली, दरवाजा निमित्त झाला.

दोष कुणाचा यावर बरंच लिहिलं गेलंय. ही घाई चूक होती हे त्याने स्वतः नंतर कबूल केलं. पण सत्तावीस वर्षांचा सहा वेळचा मोटोजीपी विजेता ‘मला चालवायचंय’ म्हणणारच. ‘नाही’ म्हणण्यासाठीच तर आजूबाजूला माणसं ठेवलेली असतात, आणि त्या आठवड्यात त्यांच्यापैकी कुणीही तो शब्द उच्चारला नाही. माझ्या लेखी त्याची चार वर्षं 19 जुलैने खाल्ली नाहीत. पहिल्या अपघाताची भरपाई काही महिन्यांत झाली असती. चार वर्षं खाल्ली ती 25 जुलैने.

एकूण किती शस्त्रक्रिया झाल्या?

दंडाच्या हाडावर चार.

पहिली वर आलीच. दुसरी 3 ऑगस्ट 2020 ला, तुटलेली प्लेट बदलायला. हाड तरीही जुळेना. 3 डिसेंबरला माद्रिदमध्ये तिसरी, तासन् तास चाललेली: कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून दंडात बसवला. त्यातच कळलं की आत जंतुसंसर्ग आहे. मग लांबलचक अँटिबायोटिक्स.

चौथीची कथा विचित्र आहे. हाड जुळलं होतं, पण पिळलेल्या अवस्थेत, सुमारे 34 अंशांनी. म्हणजे कोपर जिथे यायला हवं तिथे आणण्यासाठी त्याला खांदा वाकडा करावा लागत होता, प्रत्येक उजव्या वळणावर. जून 2022 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सर्जनांनी जुळलेलं हाड पुन्हा कापलं, फिरवून सरळ केलं आणि प्लेट लावली. हा निर्णय जाहीर झाल्यावरही त्याने इटलीतल्या मुजेल्लोची शर्यत पूर्ण केली, दहावा आला आणि मग विमान पकडलं.

पण 2021 मध्ये तर तो जिंकला होता ना?

हो, तीनदा. एप्रिलमध्ये पोर्तिमावला परतला, सातवा आला आणि गॅरेजमध्ये रडला. जूनमध्ये झाक्सनरिंग जिंकलं, 581 दिवसांनंतरचा पहिला विजय. 2010 पासून तो तिथे ज्या ज्या वर्षी शर्यतीला उभा राहिला त्या सगळ्या वर्षी, तिन्ही गटांत मिळून, जिंकला होता. हा सलग अकरावा. पुढे ऑस्टिन आणि मिसानो. हे तिन्ही विजय पिळलेल्या हाताने मिळवलेले होते, ते आपल्याला वर्षभराने कळलं.

होंडा इतकी कशी घसरली? दोष त्याचाच म्हणतात.

अर्धा खरा आरोप आहे. होंडाची बाइक वर्षानुवर्षं त्याच्या सूचनांवर घडली आणि पुढच्या चाकावर भार टाकून चालवणाऱ्या त्याच्याच हाताला शोभायची. लोरेन्झोसारखा विजेता 2019 मध्ये त्याच बाइकवर जागच्या जागी राहिला आणि वर्षअखेर निवृत्त झाला. मार्केझ जखमी झाल्यावर 2020 मध्ये होंडाला एकही विजय मिळाला नाही आणि 2022 मध्ये ती उत्पादकांच्या यादीत शेवटची होती. पण एका रायडरच्या अंगाबाहेरचं काही न बघणं हा निर्णय कारखान्याचा. तोवर डुकाटी आठ बाइक मैदानात उतरवून सगळ्यांची माहिती एकत्र वापरत होती.

मग कलाटणी कुठे मिळाली? 2024 मधल्या आरागॉनच्या विजयाने?

माझ्या मते त्याच्या सव्वा वर्ष आधी, आणि विजयाने नव्हे. जून 2023, पुन्हा झाक्सनरिंग, त्याचं हक्काचं मैदान. शुक्रवारी पडला, तोही पहिल्या वळणावर योहान झार्कोच्या बाइकला घेऊन. एका वळणावर सावरल्यावर त्याने चालत्या बाइकलाच मधलं बोट दाखवलं, आणि कॅमेऱ्यांनी ते टिपलं. शनिवारी पडला. स्प्रिंटमध्ये, म्हणजे शनिवारच्या छोट्या शर्यतीत, अकरावा. रविवारी सकाळच्या वॉर्म-अपमध्ये त्या तीन दिवसांतला पाचवा अपघात झाला आणि अंगठ्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी त्याला शर्यतीसाठी पात्र ठरवलं. त्याने शर्यत सोडली.

2020 मध्ये जो नकार कुणीच दिला नाही तो इथे त्याने स्वतः दिला. त्यानंतर होंडा सोडायची की नाही एवढाच प्रश्न उरला होता.

करार असताना होंडा सोडली कशी? पैसे बुडाले का?

एक वर्षाचा करार बाकी होता. ऑक्टोबर 2023 मध्ये दोघांनी सहमतीने तो मोडला. मोटोजीपीतला सर्वात गलेलठ्ठ पगार सोडून तो ग्रेसिनी या खासगी संघात गेला, तिथे आधीच असलेल्या आपल्या भावाशेजारी, आणि तेही आदल्या वर्षीच्या डुकाटीवर. संस्थापक फाउस्तो ग्रेसिनी 2021 मध्ये कोविडने गेल्यावर तो संघ त्यांच्या पत्नी नादिया पादोवानी चालवतात. कोट्यवधींच्या पगाराच्या बदल्यात त्याला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: मी संपलोय की बाइक?

1 सप्टेंबर 2024 ला आरागॉनला उत्तर मिळालं. पोल (सुरुवातीची पहिली जागा), स्प्रिंट आणि शर्यत, तिन्ही त्याची. आधीच्या विजयाला 1043 दिवस झाले होते.

त्याने होर्हे मार्तीनची जागा हिसकावली का?

डुकाटीच्या मुख्य संघातली 2025 ची जागा मार्तीनला मिळायची होती, असंच सगळे धरून चालले होते. मार्केझपुढे प्रामाक या डुकाटीच्याच दुसऱ्या संघाचा पर्याय ठेवण्याचा विचार होता. मुजेल्लोला त्याने पत्रकारांसमोर सांगितलं की प्रामाक हा माझ्यासाठी पर्याय नाही. काही दिवसांत डुकाटीने पवित्रा बदलला आणि मार्तीन एप्रिलियाकडे गेला. त्याच वर्षी मार्तीन जगज्जेता झाला, हे विशेष. हिसकावली म्हणा हवं तर. या खेळात रिकामी खुर्ची कुणी आणून देत नाही.

2025 किती एकतर्फी होतं?

बरंच. 11 विजय, 545 गुण. आरागॉनपासून हंगेरीपर्यंत सलग सात ठिकाणी शनिवारची स्प्रिंट आणि रविवारची शर्यत दोन्ही जिंकल्या. संघातला सहकारी फ्रान्चेस्को बान्याया, स्वतः दोनदा मोटोजीपी विजेता, त्याच बाइकवर हरवल्यासारखा दिसला, तेव्हा ‘बाइकच जिंकतेय’ हे म्हणणं अवघड झालं. 28 सप्टेंबरला जपानमध्ये मोतेगीला दुसरा येऊन विजेतेपद पक्कं झालं, पाच फेऱ्या शिल्लक असताना. यादीत दुसरा होता त्याचा भाऊ आलेक्स. वरच्या गटात सख्खे भाऊ पहिले-दुसरे येण्याची ही पहिलीच वेळ.

आणि मग लगेच पुन्हा जखमी?

पुढच्याच रविवारी. मंडालिकाला पहिल्याच लॅपमध्ये मार्को बेझेक्कीने मागून धडक दिली आणि दोघे खडीत गेले. पुन्हा उजवी बाजू: खांद्याजवळचं हाड आणि अस्थिबंध. दंडाच्या जुन्या प्लेटला धक्का लागला नाही. आधी शस्त्रक्रिया न करता बघायचं ठरलं, हाड स्थिरावेना म्हणून आठवड्याने माद्रिदमध्ये केली. उरलेला मोसम तो घरी बसला. बेझेक्कीवर आगपाखड करणाऱ्या चाहत्यांना त्याने शांत राहायला सांगितलं.

भारतात तो कधी आला होता का?

2023 मध्ये, बुद्ध सर्किटवर झालेल्या मोटोजीपीला. स्प्रिंटमध्ये तिसरा आला, आणि तेही त्या वर्षीच्या होंडावर. रविवारी पडला, उठला, नववा आला.

जुन्या शर्यती बघायच्या तर कुठून सुरुवात करू?

2012 ची वालेन्सिया, मोटो2: शेवटच्या रांगेतून सुरू करून जिंकलेली, पहिला लॅप दोनदा बघा. मग 2015 चं फिलिप आयलंड, भांडणाआधीची ती चौघांची झुंज. 2017 चं ऑस्ट्रिया त्याने आंद्रेया दोव्हित्सिओझोसमोर शेवटच्या वळणावर गमावलं, तरी बघा. हरताना तो कसा दिसतो ते कळेल. हेरेझ 2020 अपघातासाठी बघू नका, सोळाव्यापासून तिसऱ्यापर्यंतच्या लॅपसाठी बघा. शेवटी 2024 चं फिलिप आयलंड: सुरुवातीला हेल्मेटच्या काचेवरची फाडून टाकलेली फिल्म मागच्या चाकाखाली आली, चाक जागच्या जागी फिरलं, डझनभर रायडर पुढे गेले, आणि शेवटच्या काही लॅपमध्ये मार्तीनला गाठून तो जिंकला.